तीन मडकी आणि लाल शाईच्या चिठ्ठ्या

यंदा महालक्ष्म्या घरात घ्यायच्या दिवशीच सकाळी आमच्या ओसरीच्या भिंतीवर एक पतंग येऊन बसला. चांगला माझ्या तळहाताएवढा. पुढचे पंख बाभळीच्या सालीसारखे, काळपट, मिटून कौलांच्या उतारासारखे ठेवलेले. तसाच बसून राहिला असता तर कोणाला दिसलाही नसता. पण सुनेनं आरास करायला भिंतीला साडी लावायला घेतली आणि तिचा हात त्याला लागला. तो चिडला, पंख उघडले, तर आत हळदीसारखे पिवळेधमक दुसरे पंख आणि त्यावर काळे पट्टे. पोटही तसंच, पिवळं-काळं. आणि पाठीवर, मानेच्या जरा खाली, कवटी. दोन डोळे, खाली जबडा, सगळं जागच्या जागी. एवढ्यावर थांबला नाही, वरून ओरडला. दाराच्या फटीत शेपूट सापडलेल्या उंदराच्या पिलासारखा, चीं चीं करून.

सून स्टुलावरून थेट अंगणात.

"कवटीवालं पाखरू वो माय! वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस सोडून आज!"

माझी नात कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, सणाला म्हणून घरी आली होती. आई बाहेर पळाली तशी ती आत धावली, मोबाईल घेऊन. चार बाजूंनी फोटो काढले, कसलं तरी ॲप उघडलं आणि मला म्हणाली, "आजी, हॉक मॉथ आहे हा. पाठीवर कवटी असणाऱ्यांच्या जगात तीनच जाती. त्यातल्या दोन आपल्या देशात. मागचे पंख बुडाशी काळे असले तर मोठा, असे पिवळे असले तर लहाना. हा लहाना."

"जात कोनतीबी असो," सून अंगणातूनच बोलली. "थोरल्या आईले यंदा जेवाले बोलावू नका. मी डबा पाठवून देतो त्यांच्या घरी."

थोरली आई म्हणजे माझी मोठी जाऊ. दोन गल्ल्या सोडून राहते, एकटीच. भासरे, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली.

"थोरल्या आजीचा अन् या पतंगाचा काय संबंध?" नातीनं विचारलं.

सून माझ्याकडे पाहू लागली. घरात याचं खरं उत्तर एकाच बाईला ठाऊक होतं आणि ती बाई मान खाली घालून वाती वळत होती. त्या दिवशी मी लागतील त्याच्या तिप्पट वाती वळल्या.

आता उत्तर लिहिते. लिहिताना लाज वाटते, पण सत्तरीत आलेल्या बाईला लाजेचा उपयोग तरी काय दुसरा.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या या गावात बीएस्सी झालेली पहिली बाई होते. पुरुषांतही तोवर कोणी बीएस्सी नव्हता. माहेर पुसदचं, विषय प्राणिशास्त्र, आणि सेकंड क्लास. सेकंड क्लास मी कधी सांगत नसे, नुसतं 'बीएस्सी' म्हणून थांबत असे. आंदणात आलेल्या लोखंडी कपाटात साड्या एका खणात आणि टाचण्या, चिमटे, भिंग, लाल-निळी शाई दुसऱ्या खणात. सासूबाईंनी तो खण पाहून भासऱ्यांना विचारलं होतं, "हे पोट्टी शिवणकाम करते का डाक्तरकी?"

शेताचं मला काही येत नव्हतं. पहिल्याच श्रावणात जाऊबाईंनी मला बांधाकडच्या तिळात नेलं. तिळावर बोटाएवढी जाड अळी पडते, बुडाला शिंग असतं, एका दिवसात झाड खराट्यासारखं करते. ती हातानं वेचायची आणि डब्यात टाकायची. मी शहाण्यासारखी पानापानाला डोळे लावून तासभर फिरले. एक अळी सापडली नाही. जाऊबाईंचा डबा भरत आला होता.

"वर काय पाह्यतं वं?" त्या म्हणाल्या. "खाली पाह्य. लेंड्या कुठं पडल्या ते पाह्य. लेंड्यांच्या वर मान केली का बाई बसलीच असते जेवत."

तसं केलं आणि पहिल्याच झाडावर सापडली. मला राग आला. ज्या बाईला सही येत नव्हती तिनं मला लेंड्या पाहायला शिकवावं!

राग मी माझ्या पद्धतीनं काढला. घरी आल्यावर डबा ओतला, अळ्या मांडल्या आणि शास्त्र सांगायला बसले. काही अळ्या हिरव्या होत्या, काही पिवळ्या, काही मातकट तपकिरी. अंगावर तिरपे पट्टे आणि शिंग सगळ्यांना होतं. पण रंग तीन म्हटल्यावर माझ्या लेखी जाती तीन. वहीत तीन पानं केली, तिघींची चित्रं काढली, तीन लॅटिन नावं लिहिली. दोन नावं पाठ्यपुस्तकातून आठवतील तशी. तिसऱ्या जातीचं पुस्तकात काही सापडेना, म्हणजे ती शास्त्राला नवीन, असा मी निकाल दिला आणि तिला माझं स्वतःचंच नाव शेवटी 'इ' लावून देऊन टाकलं. पुसदच्या आमच्या सरांना हे पाठवायचं, मग मुंबईला, मग विलायतेला, इतपर्यंत त्या बीएस्सीबाईचा बेत गेला होता. भाकरी मात्र तिची अजून तव्याला चिकटत होती.

जाऊबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तीन कायले? एका मायचे लेकरं हायेत हे."

"नाही वो बाई, रंग पाहा ना."

"रंगाचं काय? तुहा नवरा काळा, तुहे भासरे गोरे. माय एकच ना दोघाईची?"

मी हसले. नुसती हसले नाही, सासूबाई आणि शेजारच्या दोन बायकांसमोर म्हणाले, "शाळेत गेल्या असत्या तर असं बोलल्या नसत्या." दोघी बायका हसल्या. जाऊबाईंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. हे पहिलं. पण याची मी मोजणी करत नाही, कारण पुढचं यापेक्षा फार वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पैज लावली. तिन्ही रंगांच्या अळ्या पाळायच्या, पाखरं निघाली की पाहायचं. पाखरं तीन तऱ्हेची निघाली तर माझ्या वाटणीचं शेण महिनाभर त्या काढणार. एकाच तऱ्हेची निघाली तर महालक्ष्म्यांची सगळी पितळेची भांडी मी एकटीनं घासणार. आमच्याकडे पितळ गाडीभर. मी लगेच हो म्हटलं.

आता नीट ऐका, कारण पुढे गावभर जे झालं त्याची सगळी सामग्री मी पुरवली. जाऊबाई म्हणत होत्या, एका घमेल्यात सगळ्या ठेवू. मी म्हटलं, नाही, प्रयोग पद्धतशीर झाला पाहिजे. तीन वेगळी मडकी. तळाला माती, कारण अळी मातीत शिरून कोष करते, एवढं पुस्तकातलं मला बरोबर येत होतं. वर तिळाचा पाला. तोंडाला फडकं बांधायचं, तेही ओळख पटावी म्हणून तीन रंगांचं: हिरवं, पिवळं, तपकिरी मिळेना म्हणून लाल. आणि प्रत्येक मडक्याला लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी, लॅटिन नावाची. मडकी कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून गोठ्याच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. रोज पाला घालायला जाऊबाई जात. मला शेणाचा वास सहन होत नसे.

तीन मडकी, रंगीत फडकी, लाल अक्षरं, गोठ्याचा अंधारा कोपरा. शिकलेल्या पोरीच्या हे डोक्यातही आलं नाही की हे कोणी पाहिलं तर काय म्हणेल. जाऊबाईंच्या आलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "सासूले सांगून ठेवू का?" मी म्हटलं, "निकाल लागल्यावर सांगू." निकाल माझ्या बाजूनं लागणार होता ना!

महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी सासऱ्यांना ताप आला. उतरेना. यवतमाळला दवाखान्यात नेलं, भासरे आणि आमचे हे दोघंही तिकडे. घरात आम्ही तिघी बायका. सणाच्या दिवशी दुपारी सासूबाई आंबिलीसाठी जास्तीचं मडकं शोधत गोठ्यामागे गेल्या. मी दारातून पाहिलं त्या कुठे चालल्या ते. मी मागून धावले, त्यांना ओलांडून पुढे गेले आणि काय केलं? फडकी सोडली नाहीत. हे माझं आहे म्हटलं नाही. त्या पोहोचायच्या आत मी तिन्ही चिठ्ठ्या फाडून पदरात घेतल्या.

एवढ्या घाईत मला तेवढंच सुचलं. घरात लिहिणारी मी एकटी, अक्षर माझं. ते गेलं की मी त्यातून सुटले.

वळून पाहते तर जाऊबाई गव्हाणीजवळ वैरणीचा भारा घेऊन उभ्या. सगळं पाहिलेलं.

सासूबाईंनी पहिलं फडकं सोडलं. आतलं पाखरू त्याच सकाळी कोषातून निघालेलं असावं, मडक्याच्या कडेला बसलं होतं. उजेड लागताच त्यानं पिवळे पंख पसरले, कवटी दाखवली आणि चीं चीं केलं. सासूबाई मागच्या मागे बसल्या. दुसऱ्या मडक्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. तिन्ही मडक्यांत हुबेहूब एकच पाखरू. मी पैज हरले होते, आणि मला ते त्या क्षणी दिसलं, आणि खरं सांगते, सासूबाई अजून जमिनीवरच होत्या, सासरे दवाखान्यात होते, तरी पहिली लाज मला त्याचीच वाटली. हरल्याची.

"कोनं ठेवलं हे?" सासूबाईंनी विचारलं.

मी बोलले नाही.

"कोन पाला घालत होतं इथं रोज?"

जाऊबाई म्हणाल्या, "मी." एवढंच. खोटं नव्हतंच ते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पुढचं वाक्य माझं होतं, त्याची जागा सोडून त्या थांबल्या होत्या.

मी म्हणाले, "आंबील उतू जाईल," आणि स्वयंपाकघरात गेले. चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

करणीचा शब्द सासूबाईंनी त्या दिवशी उच्चारला नाही. शेजारणीनं उच्चारला, संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरला, आणि मूल नसलेल्या बाईच्या नावाला असा शब्द फार लवकर चिकटतो. आमच्याकडे रीत अशी: तुळशीपासून देवघरापर्यंत मोठी सून ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन येते, धाकटी कनिष्ठेचा. आतून विचारायचं, "कोण आलं?" आणि मुखवटा आणणारीनं दारातून उत्तर द्यायचं, "महालक्ष्मी आली." त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही धाकटीच आनंन." मी दोन्ही आणल्या. आधी थोरली, मग परत जाऊन धाकटी. हळदीच्या पावलांवर पाऊल टाकत. जाऊबाई अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन.

सासऱ्यांचा ताप चौथ्या दिवशी उतरला. पुढे अकरा वर्षं ते खणखणीत जगले आणि दर सणाला सात पुरणपोळ्या खात. पण त्यांचा ताप उतरला म्हणून शब्द उतरला नाही. दिवाळीपर्यंत भासरे वेगळे निघाले. जाऊबाई दर वर्षी जेवायला येत, बोलावल्यावर, पाहुण्यासारख्या. मुखवट्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, कोणी लाव म्हटलंही नाही. मी थोरली आणत राहिले. सून आली तेव्हा धाकटी तिच्या हाती दिली. चाळीसच्या वर वर्षं झाली.

वही मी सरांना पाठवली नाही. शास्त्र त्या एका जातीला मुकलं.

तर मी वाती वळत होते आणि नात उत्तर मागत होती. तीच म्हणाली, "आणि आजी, गंमत माहितेय? याच्या अळ्या हिरव्या, पिवळ्या, तपकिरी अशा तीन रंगांच्या असतात. पण जात एकच."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला पूर्वीच कोणीतरी सांगितलं होतं."

मग सांगितलं. अंगणातच, सुनेसमोर, नातीसमोर, आणि फुलं घेऊन आलेली शेजारीण दारात उभी होती तिच्यासमोरही. मडकी, फडकी, चिठ्ठ्या, चूल. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल. नाही आलं. चोरलेलं भांडं परत करायला गेल्यावर येतो तसा नुसता ओशाळेपणा, पायाच्या अंगठ्यापासून.

सुनेनं हातातली साडी घडी करून स्टुलावर ठेवली. मग म्हणाली, "अन् आम्ही लेकरायले त्यांच्या घरचं पानी पिऊ देलं नाही वो माय." आणि आत निघून गेली. ते मला लागायचं तिथे लागलं.

दोन्ही मुखवटे मी तुळशीपाशी पाटावर ठेवले आणि जाऊबाईंकडे निघाले. गुडघे दुखतात, दोन गल्ल्यांना दोन ठिकाणी थांबावं लागतं. त्या ओट्यावर अंबाडीचा पाला खुडत बसल्या होत्या.

"डबा घेऊन आली का?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांना पाखराची खबर आधीच पोहोचली होती.

"नाही. तुमाले न्यायले आलो. थोरली आनायची हाये."

"तुह्यानं होत नाही का आता?"

मी उभी राहूनच म्हटलं, "बाई, मी सांगतलं आज सगळ्याईले. चिठ्ठ्या माह्या होत्या. मडके माहे होते."

त्यांनी पाला खुडणं थांबवलं नाही. अगदी त्या शेंगांसारखं.

"अन् लेकरं?"

मला आधी कळलंच नाही.

"लेकरं किती मायचे?" त्या म्हणाल्या. "ते सांगतलं का?"

"एकाच," मी म्हटलं. "एकाच मायचे वो बाई."

"हं." मग पाल्याचं सूप बाजूला ठेवलं. "पहिल्या दिवशी वाटलं, तू सासूसमोर भेली, रातच्याले बोलशीन. मंग वाटलं, मामाजी घरी आले का बोलशीन. मंग दसरा आला. मंग आमी वेगळे निंगालो, वाटलं सामानाच्या बंडीपाशी येऊन बोलशीन. तू लोनच्याची बरनी आनून देली." जराशानं म्हणाल्या, "लोनचं चांगलं होतं. मंग मी वाट पाहनं सोडून देलं."

त्या वर्षी जी जागा त्यांनी माझ्या वाक्यासाठी सोडली होती ती तशीच होती, फक्त आता त्यात काही बसत नव्हतं.

"माहे हात कापतात आता," त्या म्हणाल्या. "मुखवटा पडला तं पुन्हा माह्यावरच येईन."

"मंग नाही येत का?"

"तू जाय."

मी परत आले. सुनेनं विचारलं, "थोरली कोन आनते मंग?" मी म्हटलं, "कोणी नाही. पाटावर राहू दे." वेळ टळत चालली होती, नैवेद्याची भाजी-भाकरी झाकून ठेवली होती, नातेवाईक दोनदा डोकावून गेले. मी तुळशीपाशी खुर्ची टाकून बसले. हट्ट करायची खोड जुनीच, पण या वेळी निदान दिशा बरी होती.

ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं तेव्हा त्या आल्या. हिरवं नऊवारी, बहुधा ट्रंकेत ठेवलेलं, घड्यांच्या रेषा तशाच. फाटकातूनच म्हणाल्या, "उन्हात ठेवली व्हय तिले? रंग उतरते ना चेहऱ्याचा!"

मुखवटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. हात कापत होते, खरंच. मी मागे कनिष्ठा घेऊन, आणि सगळा वेळ माझे डोळे त्यांच्या कोपरांवर. दारात थांबलो. आत नात होती. "कोण आलं?" तिनं विचारलं.

जाऊबाईंनी उत्तर दिलं, आवाज न कापता. ते उत्तर मी माझ्या तोंडून इतकी वर्षं ऐकत होते.

आत गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या पतंगाकडे मान वर करून पाहिलं. तो पुन्हा पंख मिटून साल होऊन बसला होता. "तिळातलाच हाये," एवढं म्हणाल्या आणि पानावर जाऊन बसल्या.

महालक्ष्म्या बोळवल्यावर तिसऱ्या दिवशी भांडी मी घासली. सगळी, एकटीनं, चिंच आणि राख घेऊन. सून मदतीला आली तर तिला हाकललं, पैज माझी आहे. जाऊबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय सोडून, हातात चहाचा कप.

"त्या गडव्याच्या बुडाले राह्यलं," त्या म्हणाल्या.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. गडवा उलटा करून बुडाला पुन्हा राख लावली.